मूर्खपणा मधोमध ठेवावा

थाई रेस्टॉरंटमध्ये चार-पाच मित्रांनी मिळून, सगळे पदार्थ मधोमध ठेवून जेवणे हा व्यवहाराच्या दृष्टीने मूर्खपणा आहे. त्यात हिशोब राहत नाही, पोटाचा अंदाज चुकतो, आवडलेला पदार्थ दोनच चमचे वाट्याला येतो आणि न आवडलेल्याचेही पैसे भरावे लागतात. हे सगळे आरोप खरे आहेत. ते मान्य करूनच मी या मूर्खपणाची बाजू घेतो आहे, कारण शहाणपणाला वकील पुष्कळ आहेत.

शहाण्या माणसाची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. तो मेन्यूकार्ड उघडतो, उजवीकडचे आकडे आधी वाचतो, आपल्याला परवडेल आणि पचेल असा एक पदार्थ ठरवतो, बहुधा पॅड थाई, आणि प्लेट समोर आली की ती स्वतःकडे ओढून घेतो. शेजारच्याने 'बघू रे जरा' म्हणत काटा पुढे केला तर म्हणतो, 'तू पण मागव ना एक.' शेवटी आपल्या प्लेटचे पैसे, करातला आपला वाटा, मोबाइल काढून स्कॅन, की निघाला. कोणाचे देणे नाही, कोणाकडून येणे नाही. टीटीएमएम. त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण त्या रात्री तो एकटा आला असता तरी त्याच्या जेवणात काही फरक पडला नसता, आणि मित्रांबरोबरच्या जेवणाविषयी याहून वाईट काही बोलता येईल असे मला वाटत नाही.

पॅड थाईवर माझा राग नाही. चिंच, ताडगूळ, सुकी कोलंबी, शेंगदाण्याचा कूट, वरून पिळलेले लिंबू: मराठी जिभेला यात परके काहीच नाही. पण तो मुळात एका माणसाच्या एका प्लेटचा पदार्थ आहे. १९३९ मध्ये सयामचे थायलंड झाले, तेव्हा प्लेक फिबूनसोंगख्राम पंतप्रधान होते. देशाला एक चेहरा द्यायचा, एक पोशाख द्यायचा, एक खाणे द्यायचे, असा त्यांचा झपाटा होता. महायुद्धाच्या काळात तांदळाची ओढ होती, म्हणून लोकांनी शेवया खाव्यात असा प्रचार सरकारनेच चालवला, आणि चिनी पद्धतीने परतलेल्या तांदळाच्या शेवया थाई नाव घेऊन घराघरात गेल्या. दुपारी घाईच्या वेळी, गाडीवर, एकट्याने खायला तो उत्तमच आहे. चार मित्र रात्री निवांत बसले असताना प्रत्येकाने आपापली पॅड थाई मागवणे म्हणजे पंगतीला बसून डबा उघडण्यासारखे आहे.

थाई रात्रीचे जेवण वेगळ्या पायावर उभे आहे. भात ज्याचा त्याच्या प्लेटमध्ये, बाकी सगळे मध्ये. आधी सूप, मग स्टार्टर, मग मुख्य जेवण अशी रांग नाही. जे तयार झाले ते येत राहते. सूपही भाताबरोबरच खायचे. आपल्याकडच्या हॉटेलांत वेटर सवयीने 'वन बाय टू करू का' असे विचारतो आणि तोम यम वाट्यांत विभागून आणतो. त्याला 'एकाच भांड्यात आणा' असे सांगावे. मधोमध भोक असलेल्या, खाली विस्तव ठेवलेल्या भांड्यात ते सूप आले की टेबलावरचे सगळे जण नकळत पुढे वाकतात. गवती चहाचे तुकडे, कागदी लिंबाच्या जातभाईची जाड पाने आणि गलांगलच्या चकत्या त्यात तरंगत असतात. हे गलांगल म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातल्या कुलिंजनाचे घराणे. या तिन्ही गोष्टी चवीसाठी असतात, चावायच्या नसतात, आणि पहिल्यांदा आलेला मित्र त्यातली एक चावतोच. मग बाकीचे त्याला शिकवतात. वाटीत वाटून दिलेल्या सूपने ही सोय होत नाही. तोम यम कुंगला युनेस्कोने २०२४ मध्ये मानवी वारशाच्या यादीत घेतले. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते मधले भांडे.

चवीचे गणितही वाटून खाण्यावरच बेतलेले आहे. आंबट, तिखट, खारट आणि गोड यांचा तोल थाई स्वयंपाकी एकेका पदार्थात सांभाळतो, पण खरा तोल अख्ख्या टेबलावर साधतो. नारळाच्या दुधातली हिरवी करी पहिल्या चार चमच्यांना स्वर्गीय लागते. एकट्याने वाडगाभर खाल्ली तर दहाव्या चमच्याला तोंड मिटते. तिला शेजारी कच्च्या पपईचे सोम तम हवे. ते कसे होते ते एकदा उभे राहून बघावे. मातीच्या खोल उखळीत आधी लसूण आणि मिरच्या लाकडी मुसळाने ठेचतात. मग ताडगूळ, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, सुकी कोलंबी, लिंबू आणि फिश सॉस. शेवटी पपईचा लांब कीस. एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात चमचा. मुसळ खाली जाते तेव्हा चमचा खालचे वर आणतो. कुटायचे नाही, फक्त दुखवायचे, म्हणजे पपईत रस मुरतो आणि ती कुरकुरीतही राहते. हे तोंडात आग लावते, म्हणून शेजारी फिश सॉस घालून फुगवून तळलेले साधे ऑम्लेट. ऑम्लेट सपक, म्हणून पुन्हा करी. हे चक्र पुरे करायला किमान चार तोंडे लागतात. एकट्या शहाण्याला त्यातला एकच आरा मिळतो.

या टेबलावर सुरी नसते. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काट्याचे काम चमच्यावर घास लोटण्याचे. काटा तोंडात घालत नाहीत. चॉपस्टिक्स शेवयांपुरत्या. एकोणिसाव्या शतकापर्यंत सयामी माणूस आपल्यासारखाच हाताने जेवत होता. काटा-चमचा दरबारातून खाली आला, 'राम' म्हणवणाऱ्या तिथल्या राजांपैकी चौथ्या आणि पाचव्याच्या काळात. पाचवा राम म्हणजे राजा चुलालोंगकोर्न. तरुणपणी, १८७२ मध्ये, तो हिंदुस्थानचा दौरा करून गेला होता आणि त्या दौऱ्यात मुंबईलाही आला होता. पाश्चात्त्यांचे टेबल त्याने घेतले, पण त्यांची सुरी स्वयंपाकघरातच ठेवली, हे मला फार आवडते. मांस, भाजी, सगळे आतच घासाएवढे चिरून येते. जो पदार्थ आधीच घासाघासांत कापलेला आहे तो एकाच माणसासाठी केलेला नाही, हे उघड आहे.

अपवाद माशाचा. लिंबाच्या रसात, भरपूर लसूण-मिरची घालून वाफवलेला अख्खा मासा लांब ताटलीतून येतो, डोक्यासकट. हा पदार्थ एकट्याने मागवताच येत नाही. मागवला तर संपत नाही. आणि इथे प्रत्येक टोळीतला एक माणूस आपोआप कामाला लागतो. आमच्यात ते काम मालवणकडच्या मैत्रिणीचे. कोणी सांगत नाही, ती ताटली स्वतःकडे वळवते, चमच्याच्या कडेने पाठीवरून रेघ ओढते, वरची बाजू अलगद सुटी करते, शेपटीला धरून अख्खा काटा उचलते आणि बाजूला ठेवते. गालाचा मऊ तुकडा ती स्वतः खात नाही. तो कोणाच्या भातावर जातो यावरून त्या आठवड्यात आमच्यातला कोण जास्त थकलेला आहे ते कळते. तिला मासा आवडतो, पण तिचा स्वतःचा भात तोवर निवलेला असतो. शहाणपणाच्या कोणत्याही तराजूत हे बसणार नाही.

आता तिखटाबद्दल. मित्रांबरोबर जेवताना कोणा एकाला जास्त झेपते, कोणा एकाला अजिबात नाही, आणि मधल्या भांड्याचे तिखट सर्वांना सारखे. हाही मूर्खपणाच. पण कोल्हापूरचा मित्र आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतला मित्र जगात कुठेही एकाच भांड्यातून जेवणार असतील तर ते असेच जेवतील: एक जण मिरची शोधत, दुसरा मिरची बाजूला काढत, आणि काढलेली मिरची पहिल्याच्या प्लेटमध्ये. या मिरचीशी आपले नाते जुने आहे. पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतले, १५११ मध्ये मलाक्का घेतले आणि तिथूनच सयामच्या अयुथया दरबारी आपला दूत पाठवला. अमेरिकेतून निघालेली मिरची पोर्तुगीजांच्याच व्यापारी वाटेने आपल्या ठेच्यात आली आणि सयामच्या उखळीतही. त्याआधी दोन्हीकडे तिखटाला मिरीच होती. पपईसुद्धा त्याच अमेरिकेची. म्हणजे ज्या सोम तमवर आज थायलंडचा शिक्का आहे, त्यातले मुख्य दोन जिन्नस पाहुणे आहेत. घेणाऱ्याने 'हे आमचे नाही' म्हणून हात आखडला असता तर ना ठेचा झाला असता ना सोम तम.

सगळ्यांत मोठी अडचण शाकाहारी मित्राची, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. थाई स्वयंपाकात मिठाचे काम फिश सॉस करतो. करीच्या वाटणात आंबवलेल्या कोलंबीचा गोळा असतो. मेन्यूवर हिरवा ठिपका असलेली भाजीही विचारल्याशिवाय खरी मानू नये. शहाणे लोक म्हणतात, त्याने आपले बघावे, नाहीतर दुसरीकडे जावे. मूर्ख लोक काय करतात? ते वेटरला बोलावून दहा मिनिटे विचारपूस करतात: वाटण ताजे करता का, फिश सॉसऐवजी सोया सॉस घालाल का, टोफू कोणत्या तेलात तळता. मग टेबलावरच्या निम्म्या वाट्या त्याला चालतील अशाच मागवतात, त्यांत वेगळे डाव ठेवतात, आणि कोलंबीचा डाव चुकून त्या करीत गेला तर ओरडतात. कोणाचा गुरुवार असतो, कोणाचा श्रावण, कोणाला चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. हे सगळे थाई माणसाला अगम्य असेल असे समजू नये. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांमुळे दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव होतो, फुकेतमध्ये तर फार मोठा. त्या दिवसांत पिवळी निशाणे लावलेल्या दुकानांत मांस-मासे, अंडी, फिश सॉस काही नसते, आणि लसूण-कांद्यासारखे उग्र जिन्नसही नसतात. बँकॉकला जाणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी सहली रोज रात्री वरण-भात आणि पुरीभाजी खाऊन परत येतात. वयस्कर माणसांचे मी समजू शकतो. पण चार मित्रांनी मिळून गेल्यावरही एका शाकाहाऱ्यापायी सगळ्यांनी वरण-भातावर राहावे, किंवा बाकी तिघांच्या हौसेपायी त्याने हॉटेलच्या खोलीत चिवडा खावा, ही दोन्ही टोके मला पटत नाहीत. ती दहा मिनिटांची विचारपूस हाच मधला रस्ता आहे.

बिलाचे काय? इथे शास्त्र शहाण्यांच्या बाजूने आहे, हे मान्य केले पाहिजे. गनीझी, हारुवी आणि याफे या तीन संशोधकांनी इस्रायलमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये सहा-सहा जणांचे गट जेवायला बसवले आणि निष्कर्ष २००४ मध्ये अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात मांडले. ज्याने त्याने आपले पैसे भरायचे असतील तेव्हा माणशी सुमारे ३७ शेकेलचे जेवण मागवले गेले. बिल सारखे वाटायचे म्हटल्यावर सुमारे ५१चे. आणि सगळे फुकट म्हटल्यावर सुमारे ८२चे. म्हणजे वाटणीचे बिल माणसाला हावरे करते. निष्कर्ष खरा आहे. पण त्या टेबलांवर प्रत्येकाची प्लेट प्रत्येकाची होती. बिल तेवढे सामाईक होते. सामाईक बिल आणि खासगी प्लेट ही जोडी घातकच. महागडा पदार्थ मागवून तो एकट्याने खायचा आणि पैसे सहा जणांत, यात हाव येणारच. थाई टेबलावर महाग मासा मागवणाऱ्यालाही त्यातले दोनच घास मिळतात. त्याची हाव तिथेच सर्वांची मेजवानी होते.

उलट बाजूचाही एक प्रयोग आहे. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांनी अनोळखी लोकांच्या जोड्यांना चिप्स आणि साल्सा दिला. काहींना एका वाडग्यात, काहींना वेगवेगळ्या. मग एकाला मालक आणि दुसऱ्याला कामगार संघटनेचा प्रतिनिधी करून पगाराच्या वाटाघाटीला बसवले, त्यात लुटुपुटीचा संपही होता. एका वाडग्यातून खाल्लेल्यांचा समझोता सरासरी नऊ दिवसांत झाला, वेगळे खाल्लेल्यांना तेरा लागले. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. कारण साधे आहे: एका वाडग्यातून खाताना दुसऱ्याचा हात कुठे आहे, त्याला किती उरले आहे, हे बघावे लागते. जेवणभर तेच बघत राहिलेला माणूस पुढच्या बोलण्यातही तेच बघतो.

तरीही सरसकट सारखी वाटणी मला मान्य नाही. दारूचे पैसे वेगळे काढावेत. जे मधोमध आले त्याचा हिशोब नसावा. जे स्वतःच्या ग्लासात आले त्याचा असावा. न पिणाऱ्याने तीन बिअर आणि दोन कॉकटेलांचा भार उचलायचा, आणि तोही 'जाऊ दे रे' म्हणत, हे मैत्रीला शोभत नाही. दुसरे असे की टोळीतला एखादा अजून शिकत असतो, एखाद्याची नोकरी गेलेली असते. त्याच्या तोंडून 'मला आज भूक नाही' हे वाक्य आले की बाकीच्यांनी ओळखावे. थायलंडमध्ये बहुधा वयाने वा हुद्द्याने मोठा असलेला, किंवा ज्याने बोलावले तो, बिल देतो, आणि त्याची चर्चा होत नाही. आपल्याकडेही आधीच्या पिढीत हेच होते. स्कॅन करून पैशापैशापर्यंत वाटणी करणे सोपे झाले, तेव्हापासून सगळ्यांचे पैसे वाचले असतील, पण 'आज माझ्याकडून' म्हणायची संधी आपण हातची घालवली आहे. ती परत घ्यावी.

शेवटचा तुकडा हा मूर्खपणाचा कळस. फिशकेकची एक चकती ताटलीत उरते आणि कोणी घेत नाही. 'तू घे.' 'अरे, तुझ्याकडेच कमी आले.' 'नको, माझं झालं.' चकती गार होते. थाई लोकांनी यावर तोडगा काढला आहे: शेवटचा घास घेणाऱ्याला देखणा नवरा किंवा देखणी बायको मिळते, असे म्हणून ते तो कोणाच्या तरी गळ्यात मारतात. आमच्यात लग्न झालेले जास्त, त्यामुळे हा तोडगा चालत नाही आणि चकती बहुधा निम्मी-निम्मी होते, तिचीही पुन्हा निम्मी. अन्न वाया जाऊ नये हे मला पटते. तरी ज्या टेबलावर शेवटच्या तुकड्यासाठी झडप पडत नाही, ते टेबल मला पाहून ओळखता येते, आणि तिथे बसावेसे वाटते.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी पाच जण थाई जेवायला बसाल तेव्हा मेन्यूकार्ड एकच मागवा आणि मागवायचे काम एकावर सोपवा. एक आंबट-तिखट सूप, एक करी, एक सोम तम, एक परतलेली भाजी, चालत असेल तर अख्खा मासा आणि सौम्य जिभेच्या माणसासाठी काहीतरी साधे. शाकाहारी कोणी असेल तर पहिली विचारपूस त्याच्यासाठी. प्रत्येकाने एका वेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे घ्यावेत आणि वाडगा पुढे द्यावा. फोन उलटे ठेवा. दारूचे बिल आधीच वेगळे करायला सांगा. आणि भात वाटतो त्यापेक्षा जास्त लागतो, तो सुरुवातीलाच वाढवून मागवा.